पनवेलकरांचा समुद्र : कोणत्या मोसमात कोणता किनारा?

पनवेल समुद्रकाठचे शहर आहे का, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. खाडी आहे, त्या खाडीतून एकेकाळी गलबतांचा व्यापार चालत असे, उन्हाळ्यात संध्याकाळी खारा वाराही येतो. पण पाय टेकवायला वाळू नाही. खाडीच्या दोन्ही काठांना गाळ आणि खारफुटी असल्याने तेथे जलक्रीडेचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे पनवेलकराला किनारा निवडावा लागतो, आणि निवडीला वावही पुष्कळ आहे. साधारण तीस किलोमीटरवर उरण, पेण-वडखळमार्गे पाऊणशे किलोमीटरच्या आत अलिबाग, तेथून दक्षिणेला नागाव, रेवदंडा, काशीद व मुरूड, आणि महामार्गाने माणगाव-म्हसळा गाठल्यास दिवेआगर व श्रीवर्धन. मात्र बहुतेक जण किनारा निवडताना अंतर आणि राहण्याची सोय एवढेच पाहतात. पाण्यात उतरायचे असेल, तर त्याआधी तिथी पाहायला हवी.

भरतीचे गणित

मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात यासाठी एक जुना ठोकताळा आहे : पक्षातील तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. यात अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचे छापील कोष्टकच पाहावे. पण सहलीचा दिवस ठरवण्यापुरता हा हिशेब चोख आहे.

या हिशेबातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाण्याला उधाण असते. भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत या किनाऱ्यावर चार मीटरहून अधिक फरक पडतो. ही उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते, व पाणी सर्वांत आत जाते ते पहाटे आणि संध्याकाळी. म्हणजे अशा दिवशी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान समुद्र वेगाने ओसरत असतो. घरून निघालेला पाहुणा वडखळच्या कोंडीतून सुटून, जेवून, विसावून पाण्यात उतरतो तो नेमका याच वेळी. पाण्याची ओढ तेव्हा सर्वाधिक असते आणि वरून ती दिसत नाही.

अष्टमीच्या आसपास याच्या उलट. या दिवसांना कोळी ‘भांग’ म्हणतात. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. प्रवाह मंद असतो. नवशिक्यांनी वल्ह्याची होडी चालवायला किंवा लहान मुलांना पाण्याची सवय लावायला हेच दिवस बरे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात मात्र पायी जायचे असेल, तर भांगेचा उपयोग नाही. ओहोटीलाही वाटेत पाणी राहू शकते. त्यासाठी उधाणाच्या दिवसांतील सकाळची किंवा संध्याकाळची ओहोटी साधावी लागते आणि पाणी वळण्याआधी परतावे लागते.

अर्थात, तिथी अनुकूल आहे म्हणजे धोका टळला असे नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्यातील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. तो दिवस पावसाळ्यातला नव्हता, की उधाणाचाही नव्हता. हिवाळ्यातली वद्य अष्टमी होती. अनोळखी किनाऱ्यावर तळाचा उतार, खड्डे आणि परतीचा प्रवाह यांची माहिती पंचांगातून मिळत नाही. ती स्थानिक माणसालाच विचारावी लागते.

मोसम आणि वारा

सप्टेंबर ते मे हा या किनाऱ्यावरील जलक्रीडेचा मोसम. मेअखेरपासून ३१ ऑगस्टपर्यंत छोट्या बोटींची प्रवासी वाहतूक व जलक्रीडा बंद ठेवण्यात येते. यांत्रिक मासेमारीवरही साधारणतः १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते. बंदी उठली म्हणून समुद्र लगेच शांत होतो असे नव्हे. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावरच होड्या पाण्यात लोटण्याची कोळ्यांची प्रथा सरकारी बंदीहून कितीतरी जुनी आहे, आणि सप्टेंबरातही लाटा पाहूनच ठरवावे लागते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने सर्वांत शांत. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो मंद असतो आणि पाणी जवळजवळ आरशासारखे असते. कायाक किंवा वल्ह्याच्या होडीसाठी हीच वेळ. पण मतलई वारा होडीला किनाऱ्यापासून दूर ढकलतो, हे ध्यानात ठेवून किनाऱ्याला समांतरच जावे. दुपारनंतर दिशा बदलते, वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. मार्च ते मे या काळात तो चांगलाच जोर धरतो. शिडाच्या होडीसाठी आणि शिडाच्या फळीसाठी ही दुपार उत्तम. पॅरासेलिंगसाठी मात्र सकाळच बरी, कारण सोसाट्याच्या वाऱ्यात छत्री उतरवणे कठीण होते.

एप्रिल-मे महिन्यांत आणखी एक गोष्ट घडते. आकाश निरभ्र, वारा नेहमीचा, आणि तरीही अचानक मोठ्या लाटा येतात. त्या दक्षिण हिंदी महासागरातील दूरच्या वादळांतून निघालेल्या असतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र त्यांचा इशारा आगाऊ देते. मे महिन्यात जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी तो पाहणे आवश्यक आहे.

किनाऱ्यांचे स्वभाव

उरणची पिरवाडी सर्वांत जवळची. जानेवारी २०२४ पासून उपनगरी रेल्वे उरणपर्यंत जाऊ लागल्याने बेलापूर-नेरूळकडील लोकांनाही ती सोयीची झाली आहे. पण खडक बरेच आणि बंदराच्या तोंडाजवळचे पाणी गढूळ. संध्याकाळच्या फेरफटक्यासाठी जावे, पोहण्यासाठी नव्हे.

आक्षी-नागावचा पट्टा सपाट आणि रुंद, वाळू दाबलेली. जेट स्की, बनाना राइड, बंपर राइड, पॅरासेलिंग यांची गर्दी येथेच असते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबासाठी निवड येथेच संपायला हरकत नाही. सपाटीचा तोटा असा, की उधाणाच्या दिवशी संध्याकाळी पाणी फार दूर जाते आणि खेळ आटोपतात. अशा दिवशी सकाळी दहाच्या आत पोहोचलेलेच बरे. वरसोली तुलनेने शांत आहे. किहीमला पाण्यापेक्षा झाडी आणि पक्षी पाहण्यात अधिक अर्थ आहे.

मांडवा मुंबई बंदराच्या तोंडाशी असल्याने शिडाच्या होड्यांना परिचित. वाळूवर लोळणाऱ्यांना तेथे फारसे काही नाही.

काशीदची पांढरी वाळू आणि निळसर पाणी पाहून माणसे मोहात पडतात, आणि येथेच अधिक सावध असायला हवे. किनाऱ्याचा उतार नागावपेक्षा तीव्र आहे. कमरेएवढे पाणी दोन पावलांत छातीशी येते आणि फुटणारी लाट पाय उचलून नेते. पोहता येणाऱ्याला लाटांशी खेळण्याचा आनंद काशीद देते, पण न पोहणाऱ्याने घोट्याभर पाण्यातच समाधान मानावे. लाटांवर फळीने स्वार होण्याचा खेळ शिकायचा असेल, तर रायगडच्या लाटा पुरेशा भरवशाच्या नाहीत. त्यासाठी कर्नाटकातील मुल्कीचा किनारा अधिक योग्य.

मुरूडला जाणाऱ्यांनी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याची फेरी करावी. दिवेआगर आणि श्रीवर्धन दूर, म्हणून गर्दी कमी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तेथील सुरूची बने आणि सुपारीच्या बागा मोठ्या प्रमाणावर आडव्या झाल्या; लांबलचक किनारा मात्र आहे तसाच आहे. हरिहरेश्वराचा प्रदक्षिणा मार्ग खडकांवरून जातो. भरतीच्या वेळी आणि पावसाळ्यात तो टाळावा. जलक्रीडेचे ते स्थानच नव्हे.

पाण्याखालचे जग पाहण्याची हौस असेल, तर यांपैकी एकही किनारा कामाचा नाही. खाड्यांतून येणाऱ्या गाळामुळे आणि मोठ्या भरतीमुळे येथील पाणी नेहमीच गढूळ असते. दक्षिणेकडे भरतीचा आवाका कमी होत जातो. मालवण-तारकर्लीला तो जेमतेम निम्मा. पाणी त्यामानाने नितळ, प्रवाळही आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. पनवेलहून कोकण रेल्वेने कुडाळला उतरून तेथे जाता येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मेच्या अखेरीस टाळावे : २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता.

पावसाळ्यात काय?

जून ते ऑगस्ट समुद्र पाहावा, त्यात उतरू नये. खारघरच्या पांडवकड्यावर आणि गाढेश्वर परिसरात याच महिन्यांत दुर्घटना घडतात व प्रशासनाला बंदी घालावी लागते, त्यामुळे हेही पर्याय नव्हेत. पाण्यातला खेळच हवा असेल, तर महामार्गाने कोलाडला जावे. भिरा येथील जलविद्युत केंद्रातून वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी कुंडलिका नदीत येते आणि त्यावर रबरी तराफ्यांची सफर चालते. पाणी सकाळी सुटते, त्यामुळे उशिरा पोहोचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अतिवृष्टीच्या दिवशी सफर रद्द होते, आणि व्हायलाच हवी. हीच कुंडलिका पुढे रेवदंड्याला समुद्राला मिळते.

कोठेही गेले तरी पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : बोटवाल्याकडे महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का, विमा आहे का, आणि जीवरक्षक जाकीट अंगाला घट्ट बसते का. लहान मुलाला मोठ्याचे जाकीट घातले तर पाण्यात ते डोक्यावरून निघून येते. ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये; किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे व मग वळावे. बुडणाऱ्याच्या मागे उडी घेण्याऐवजी दोर, रिकामा डबा, हाताला लागेल ते तरंगणारे फेकावे. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, पोलिसांचा ११२.