४०० वर्षांचा शार्क आणि त्याच्याच गावचं दगडफूल: यांचं वय कसं मोजतात?

तुमच्या फीडवर ‘५१२ वर्षांचा शार्क’ ही पोस्ट कधीतरी येऊन गेली असेल. हा आकडा अर्धाच खरा आहे. पूर्ण गोष्ट समजून घ्यायची तर या शार्कसोबत ग्रीनलँडच्याच खडकांवर वाढणारं एक दगडफूलही बघायला हवं.

हे दोघं कोण?

ग्रीनलँड शार्क उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिकच्या थंडगार पाण्यात राहतो, २,००० मीटरपेक्षाही खोल जातो. लांबी ५ मीटरपर्यंत, पण वाढ वर्षाला जेमतेम १ सेंटीमीटर.

दुसरं आहे मॅप लायकेन. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं हे लांबचं भावंड. लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. पिवळट-हिरव्या ठिपक्यांना काळ्या कडा असतात, त्यामुळे खडकावर नकाशा काढल्यासारखा वाटतो. हे वर्षाला १ मिलीमीटरही वाढत नाही.

वय कसं कळतं?

शार्कच्या डोळ्यातल्या भिंगाचा गाभा जन्माआधीच तयार होतो आणि पुढे बदलत नाही. ज्युलियस निल्सन आणि सहकाऱ्यांनी २८ माद्यांच्या या गाभ्यातला कार्बन-१४ तपासला. २०१६ मध्ये निष्कर्ष आला: सर्वांत मोठ्या मादीचं वय ३९२ वर्षं, अधिक-उणे १२०. म्हणजे २७२ ते ५१२ च्या दरम्यान. व्हायरल पोस्टने फक्त वरचं टोक उचललं.

दगडफुलाला मोजपट्टी पुरते. थडग्यांच्या दगडांवर तारीख कोरलेली असते, त्यावरून त्या भागातला वाढीचा वेग काढतात. मग खडकावरच्या सर्वांत मोठ्या ठिपक्याचा व्यास मोजतात. हिमनदी मागे सरून तो खडक साधारण कधी उघडा पडला, हे त्यातून कळतं. ऑस्ट्रियाचे रोलंड बेशेल यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत रुजवली. इथेही उत्तर अंदाजेच असतं.

मग फरक काय?

मॅप लायकेन कमालीचं चिवट आहे. २००५ मध्ये ते सुमारे दोन आठवडे उघड्या अंतराळात ठेवलं होतं, तरी जगलं.

शार्कचं तसं नाही. पूर्वी यकृताच्या तेलासाठी त्याची शिकार व्हायची, आता तो दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत अडकतो. मादी वयात यायलाच सुमारे १५० वर्षं लागतात. म्हणजे आज एक मादी मेली, तर आज जन्मलेलं पिल्लू तिची जागा घेईपर्यंत २१७० चं दशक उजाडेल.