खान किती मोठा होता?

दिवाळीच्या सुटीत सेनगावच्या घरी भाच्याने वहीच्या पाठपानावर अफझलखान काढला होता. पेन्सिलीने. खानाचा फेटा पानाच्या वरच्या कडेला टेकला होता आणि शिवाजी महाराज जेमतेम त्याच्या मांडीपर्यंत येत होते. त्याआधी दोन दिवस तो मोबाईलवर ‘ड्रॅगन बॉल सुपर: ब्रोली’ पाहत होता. अकिरा तोरियामाची कथा, तात्सुया नागामिनेचे दिग्दर्शन, डिसेंबर २०१८ मध्ये जपानात प्रदर्शित झालेला हा अ‍ॅनिमेशनपट. त्यात ब्रोली नावाचा एक योद्धा आहे, त्याचे बळ लढता लढता वाढतच जाते आणि समोरच्याचा कोणताही डाव त्याच्यापुढे टिकत नाही. पोराने चित्र माझ्यापुढे धरले आणि विचारले, “मामा, खान ब्रोलीएवढा व्हता का?”

या प्रश्नाला ‘हो’ म्हणून मोकळे होणे सोपे होते. सिनेमा, नाटक, शाळेतले स्नेहसंमेलन, सगळीकडे खान असाच उभा केला जातो. ‘शेर शिवराज’ (२०२२) मध्ये खानाच्या भूमिकेला मुकेश ऋषींसारखा धिप्पाड नट लागला. पण पोराने मोजमाप विचारले होते. मोजमाप द्यायचे तर कागदाकडे जावे लागते, आणि खान मारला गेला त्या प्रतापगडच्या प्रसंगाबाबत आपण भाग्यवान आहोत. या एका दिवसाबद्दल मराठी, संस्कृत, फारसी आणि इंग्रजी अशा चार भाषांतले जुने लेखन हाताशी आहे.

दिवस पक्का आहे. जेधे शकावलीत शके १५८१, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार अशी नोंद आहे. इंग्रजी तारीख येते १० नोव्हेंबर १६५९. ही शकावली भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी जपली गेली आणि लोकमान्य टिळकांनी ती प्रसिद्ध केली. तिची भाषा कोरडी आहे: तिथी, वार, काय घडले, पुढची नोंद. खानाच्या अंगापिंडाचे तिथे काही नाही. भेटीस आला, मारला गेला, एवढेच. इतिहास लिहिणाऱ्याला अशा कोरड्या नोंदीसारखे सुख नाही, कारण तिला कोणाला भारून टाकायचे नसते.

त्या दिवसानंतर बरोबर महिन्याने, १० डिसेंबर १६५९ ला, राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याने आपल्या कंपनीला पत्र लिहिले. व्यापारी माणूस. कोकणात कोणाचा अंमल राहणार यावर त्याचा धंदा अवलंबून, म्हणून त्याचे कान उघडे. खानाला तो अब्दुल्लाखान म्हणतो, आणि तेच खानाचे मूळ नाव. विजापूरच्या राणीने, म्हणजे बडी साहेबीण बेगमेने, दहा हजार घोडदळ-पायदळ देऊन त्याला शिवाजीवर पाठवले, असे तो लिहितो. आणि पुढे जे लिहितो ते वाचताना मी दरवेळी थांबतो. एवढ्या फौजेने खानाचा शिवाजीपुढे निभाव लागणार नाही हे बेगम ओळखून होती, म्हणून तिनेच खानाला मैत्रीचे सोंग करायला सांगितले. शिवाजीला बातमी लागली म्हणा की संशय आला म्हणा, त्यानेही तसेच सोंग घेतले.

हे पुन्हा वाचावे. ज्या दरबाराने हा योद्धा पाठवला, त्या दरबारालाच त्याचे बळ पुरेसे वाटत नव्हते. वखारवाल्याची बातमी ऐकीव होती, बाजारातून आणि हेरांकडून आलेली, हे खरे. तरी प्रसंग ताजा होता, आणि लिहिणाऱ्याला ना महाराजांचा पोवाडा गायचा होता, ना खानाचा. आपल्या चित्रात महाराज खानाच्या मांडीएवढे असतात. राजापूरच्या कागदात तोलाचा काटा दुसऱ्या बाजूला झुकलेला आहे.

मग खानाचे बळ नव्हतेच का? होते, आणि भयंकर होते. फक्त ते दंडात नव्हते. ते कुठे होते हे १६ जून १६५९ च्या फर्मानात दिसते. अली आदिलशहाचे हे फारसी फर्मान कान्होजी जेध्यांना आले: अफझलखानाला नेमले आहे, त्याच्या हुकमात राहा, शिवाजीच्या माणसांना थारा देऊ नका. असे कागद मावळातल्या देशमुखांच्या वाड्यावाड्यांवर जाणे म्हणजेच खानाची खरी स्वारी. हत्तीघोडे मागाहून यायचे. आधी कागद येतो, आणि तो वाचून घरचा कर्ता माणूस रात्रभर जागा राहतो. खान १६४९ च्या सुमारापासून वाईचा सुभेदार होता. वाई-जावळीकडची घराणी, वाटा, भाऊबंदकी त्याला तोंडपाठ. कोणत्या देशमुखाचे कोणाशी वितुष्ट आहे हे ठाऊक असलेला शत्रू सात फुटी शत्रूपेक्षा जड असतो. खंडोजी खोपडे त्याला जाऊन मिळाला तो याच जोरावर.

कान्होजींनी काय केले ते जेधे करिन्यात आहे. ते मुलांना घेऊन महाराजांकडे गेले आणि फर्मान पुढे ठेवले. महाराज म्हणाले, तुमचे शेजारी खानाकडे गेले, तुम्हीही जा, नाहीतर वतनाला मुकाल आणि जिवावरही बेतेल. कान्होजींनी शहाजीराजांना दिलेल्या शब्दाची आठवण काढली आणि वतनावर पाणी सोडले. तांब्यातले पाणी हातावर घेऊन, खरोखर सोडले. मग बायकामुलांना तळेगावला हलवण्याचे ठरले. करिना घराण्याने आपल्या हक्कासाठी लिहिलेला असतो, त्यात आपली निष्ठा उजळ दाखवायची ओढ असणार हे धरूनच तो वाचावा. तरीही एक गोष्ट शंकेपलीकडे आहे: जेधे त्या पावसाळ्यात महाराजांच्या बाजूला राहिले आणि लढले. दहा हजारांच्या फौजेला पहिला धक्का पाण्याच्या त्या ओंजळीने दिला, असे मला वाटते.

इथे आम्हा मराठवाड्याच्या लोकांचा जीव गुंततो ती गोष्ट येते. १६५९ मध्ये आमचा हा हिंगोलीकडचा मुलूख विजापूरकरांचा नव्हे, मुघलांच्या ताब्यातला. खानाची फौज इकडे आली नाही. पण सेनगावच्या कितीतरी घरांची कुलदेवी तुळजापूरची. आमची आजी जात्यावर बसली की खानाने आईला जात्यात घालून भरडले असे सांगायची आणि क्षणभर खुंटा सोडायची. ते जाते कुठून आले याचा शोध मी नंतर घेतला. ते सभासद बखरीतले आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून १६९७ च्या सुमारास बखर पुरी केली, म्हणजे प्रसंगानंतर अडतीस वर्षांनी. अज्ञानदासाचा पोवाडा त्याहून जुना आणि तोही तुळजापूरच्या विटंबनेचे सांगतो. जाते मात्र बखरीचे, आणि बखरीतून ते आजीच्या घरात आले.

अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये छापलेल्या संग्रहातून हा पोवाडा सर्वांच्या हाती आला. आज मिळणाऱ्या पोवाड्यांत सर्वांत जुना तोच मानतात. त्यात शाहीर खानाला फुगवत नाही, उलट त्याच्या भटारी कुळावरून हिणवतो. बादशाही मुदपाकखान्यातल्या स्वयंपाक्याचा पोर एवढा चढला, हा टोमणा. जन्मावरून हिणवणे मला रुचत नाही. पण पुरावा म्हणून तो बोलका आहे: त्या काळच्या मराठी माणसाला शत्रू लहान करून सांगावासा वाटला, डोंगराएवढा करून नाही. डोंगर आपण पुढे केला.

आता जावळी. महाराज जुलैत राजगड सोडून तिकडे गेले. प्रतापगड तेव्हा नवाकोरा. जावळी जानेवारी १६५६ मध्ये घेतल्यावर मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली बांधलेला. महाराज तिकडे असतानाच ५ सप्टेंबरला राजगडावर त्यांच्या पत्नी सईबाई गेल्या. मुलगा संभाजीराजे दोन वर्षांचा. अफझलखान प्रकरणाच्या कोणत्याही चित्रपटात हे दुःख दोन मिनिटांत आवरते. कागदांच्या तारखा एकापुढे एक मांडल्या की कळते, पुढचे दोन महिने, वकिलांची ये-जा, गोड पत्रे, घाबरल्याचा बहाणा, हे सारे त्या सुतकानंतर लगेच चाललेले आहे. खानाकडून कृष्णाजी भास्कर आले, इकडून पंताजी गोपीनाथ गेले. खानाने वाईच्या मोकळ्या मुलखात भेट मागायची आणि महाराजांनी आपण भ्यालो आहोत असे कळवून त्याला जावळीच्या रानात उतरायला लावायचे. दहा-बारा हजारांची फौज घाट उतरून त्या दाट झाडीत शिरली तेव्हा तिचे आकारमानच तिच्या गळ्यात आले.

फौजेत कोण होते हेही पोरांना सांगावे. परमानंदाचे ‘शिवभारत’ हे महाराजांच्या हयातीतले संस्कृत काव्य. तंजावरहून मिळालेली त्याची पोथी स. म. दिवेकरांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात खानाच्या बाजूला पांढरे, घाटगे आणि खुद्द मंबाजी भोसले आहेत. आणि महाराजांनी निवडलेल्या दहा माणसांत संभाजी कावजी, येसाजी कंक, जिवा महाला यांच्याबरोबर सिद्दी इब्राहिम आहे. वहीच्या चित्रात दोनच माणसे असतात. कागदात दोन्हीकडे गर्दी आहे, आणि ती धर्मावरून वाटलेली नाही.

शामियान्यातल्या त्या काही क्षणांबाबत कागद एकमेकांशी पुरते जुळत नाहीत, आणि ते जुळवून टाकण्याचा मोह मी आवरतो. सभासद म्हणतो, खानाने राजांची मान काखेत धरली आणि जमदाड कुशीत मारली; ती अंगातल्या चिलखतावर खरखरली; मग राजांच्या डाव्या हाताचे वाघनख आणि उजव्या हाताचा बिचवा चालला. परमानंदाकडे खानाचा पहिला वार आहेच, पण राजांच्या हाती तलवार आहे. मी दोन्हींतले जेवढे समान तेवढे घेतो: पहिला हात खानाने टाकला, आणि महाराज त्या वारासाठी तयार होऊन आले होते. खानाच्या उंचीचा पुरावा म्हणावा तर तो सभासदाच्या एका तपशिलात आहे. समोरच्याची मान काखेत धरता यावी एवढा तो उंच होता. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले, ग्रँट डफच्या घराण्याकडून आलेले वाघनख जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आले. ते त्याच दिवशीचे असल्याची खात्री देता येत नाही, असे त्या संग्रहालयाने स्वतःच सांगितले होते. वस्तू जपणाऱ्याने इतके नेमके बोलावे, हे मला आवडले.

खानाकडच्या सय्यद बंडाचा महाराजांवरचा वार जिवा महालाने अडवला आणि ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण घराघरांत गेली. खानाचे डोके संभाजी कावजीने कापले. रानात लपलेल्या मावळ्यांनी फौज बुडवली. सभासदाने लूट मोजली आहे: पासष्ट हत्ती, चार हजार घोडे, बाराशे उंट. पण मला त्याच्यापुढची यादी अधिक मोलाची वाटते. पडलेल्यांच्या मुलांना चाकरी, मूल नसेल त्यांच्या बायकांना अर्धे वेतन, जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत. आणि शत्रूकडच्या पकडलेल्या सरदारांना वस्त्रे देऊन सोडले. अठराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा घेतला. म्हणजे मधल्या दोन आठवड्यांत कोणी जल्लोष करीत बसले नव्हते.

हे सारे मी भाच्याला एका दमात सांगितले नाही. चार संध्याकाळी लागल्या. शेवटी मी त्याला त्याच्याच सिनेमाचा शेवट विचारला. तो त्याला नीट आठवत होता. ब्रोली मरत नाही. लहानपणी त्याच्या बळाला भिऊन राजाने त्याला ओसाड ग्रहावर टाकलेले असते, बापाने गळ्यात पट्टा अडकवून त्याला शस्त्रासारखे वापरलेले असते. आणि शेवटी गोकू त्याच्याकडे घर आणि खाण्यापिण्याचे सामान घेऊन जातो. जपानी कथाकाराने आपल्या महाबली शत्रूला माणूस म्हणून मोजले. खानाबाबत आपण अजून फेट्याची उंचीच मोजत आहोत.

दुसऱ्या दिवशी पोराने नवे पान घेतले आणि विचारले, आता किती मोठा काढू? मी सांगितले, इंग्रजांच्या हिशेबाने दहा हजार माणसांएवढा, सभासदाच्या हिशेबाने बारा हजार स्वारांएवढा, पण उंची महाराजांपेक्षा वीतभरच जास्त. आणि चित्राच्या खाली त्याची कबर काढ. खानाने विजापूरजवळ अफझलपुऱ्यात स्वतःसाठी थडगे जिवंतपणीच बांधायला घेतले होते. ते अर्धवट राहिले. त्याची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे.