वैऱ्याच्या तोंडून कळलेले प्रेम : फ्लॉरेन्सचे सोनार, १४३२ ते १५५७

१. वैरातून उमलणारे प्रेम हा आजच्या कादंबऱ्यांचा आणि मालिकांचा लाडका विषय. एकाच व्यवसायातील दोन प्रतिस्पर्धी, आधी खुन्नस, मग ओढ. दागिने घडवणाऱ्या दोन पुरुषांची अशी एखादी गोष्ट खऱ्या इतिहासात सापडते का? शोधू लागलो, की आपण पंधराव्या-सोळाव्या शतकातील फ्लॉरेन्सच्या सोनारांपर्यंत येऊन पोहोचतो. तेथे प्रेमही आहे आणि वैरही. मात्र कादंबरीतला क्रम तेथे लागू पडत नाही. तेथील प्रेम आपल्यापर्यंत पोहोचले, ते बहुतांशी वैऱ्यांनी त्याची वाच्यता केली म्हणून.

२. आधी पार्श्वभूमी. १४३२ साली फ्लॉरेन्सने एक स्वतंत्र न्यायमंडळ स्थापन केले. त्याचे नाव ‘रात्रीचे अधिकारी’. पुरुषापुरुषांतील शरीरसंबंधांना कायदा ‘सोडोमी’ म्हणत असे आणि तो गुन्हा हुडकून काढणे हे या मंडळाचे मुख्य काम होते. नगरात ठिकठिकाणी पेट्या ठेवलेल्या असत. त्यांना ‘ताम्बुरो’ म्हणत. कोणीही, नाव न देता, कोणाच्याही विरुद्ध चिठ्ठी टाकावी; चौकशी सुरू होई.

३. १५०२ साली हे मंडळ बरखास्त झाले. त्याची दप्तरे मात्र टिकली. इतिहासकार मायकेल रॉक यांनी ती तपासून १९९६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजानुसार सत्तर वर्षांत सुमारे १७,००० व्यक्तींवर आरोप झाले आणि सुमारे ३,००० जणांना शिक्षा झाली. तेव्हा नगराची लोकसंख्या होती अवघी ४०,००० च्या आसपास. म्हणजे हे जग नगराच्या कडेला लपलेले नव्हते. ते प्रत्येक आळीत, प्रत्येक धंद्यात होते.

४. सोनारांच्या धंद्यातही होते. एप्रिल १४७६ मध्ये पडलेली एक निनावी चिठ्ठी आज जगप्रसिद्ध आहे, कारण तिच्यात लिओनार्दो दा विंची हे नाव आहे. चिठ्ठीच्या केंद्रस्थानी होता याकोपो साल्तारेल्ली नावाचा सुमारे सतरा वर्षांचा मुलगा. वाक्केरेच्चा या रस्त्यावरील सोनाराच्या दुकानात तो भावासोबत राहत असे. आरोपींत लिओनार्दोच्या जोडीला एक शिंपी, तोर्नाबुओनी या बड्या घराण्यातील एक तरुण आणि बार्तोलोमेओ दी पास्क्विनो नावाचा सोनार होता. हा सोनारही त्याच वाक्केरेच्चाचा. जून महिन्यात तक्रार पुन्हा आली. दोन्ही वेळा आरोप सिद्ध झाले नाहीत.

५. ही चिठ्ठी कोणी टाकली असेल? शेजाऱ्याने, हेवा करणाऱ्या धंदेवाल्याने, की दुखावलेल्या एखाद्या जिवलगाने? कागद बोलत नाही. आरोपात कृती असते, भावना नसते. त्या दुकानात कोणी कोणावर जीव लावला आणि कोणी कोणाच्या असहायतेचा लाभ घेतला, हे चिठ्ठीवरून ठरवता येत नाही. शत्रूची साक्ष अशीच असते. ती अस्तित्वाचा पुरावा देते. नात्याचे स्वरूप सांगत नाही.

६. आता त्या सोनाराकडे वळू, ज्याने आपले प्रेम आणि आपली वैरे स्वतःच्या शब्दांत नोंदवून ठेवली. बेनवेनुतो चेल्लिनी. जन्म फ्लॉरेन्समध्ये, ३ नोव्हेंबर १५००. मुलाने उत्तम बासरीवादक व्हावे अशी वडिलांची इच्छा. मुलाचे मन मात्र ऐरणीकडे. तो ज्या सोनाराच्या हाताखाली प्रथम शिकला, त्याचे नाव मिकेलान्योलो. या सोनाराच्या मुलाचे नाव लक्षात ठेवावे : बाच्चो बान्दिनेल्ली. तो पुढे परत येणार आहे.

७. तरुण वयात चेल्लिनीची गाठ पडली फ्रान्चेस्को नावाच्या समवयस्काशी. तोही सोनारकामातलाच. विख्यात चित्रकार फिलिप्पीनो लिप्पी याचा हा मुलगा. वडिलांनी रोममधील प्राचीन अवशेषांवरून केलेल्या रेखाटनांच्या वह्या त्याच्या घरी होत्या. त्या वह्यांनी चेल्लिनी भारावून गेला. त्याच्या आत्मचरित्रानुसार दोघांत एवढे प्रेम जडले की दिवस असो वा रात्र, ते एकमेकांपासून दूर राहत नसत. आणि हे सुमारे दोन वर्षे चालले.

८. हे नाते नेमके कसे होते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या काळी मित्रांमधील ओढीचे वर्णनही ‘प्रेम’ या शब्दानेच होई. तरीही एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. या संपूर्ण कथेत समवयस्क, समव्यवसायी आणि बरोबरीचे असे दोघे येथेच भेटतात. आणि याच नात्यावर एकही चिठ्ठी नाही, खटला नाही, शिवी नाही. ते केवळ दोघांपैकी एकाने म्हातारपणी आठवले म्हणून उरले.

९. उरलेली कथा वैराची आहे. १५२३ च्या जानेवारीत चेल्लिनीला एका तरुणाशी संबंध ठेवल्याबद्दल दंड झाला : १२ मापे पीठ. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात गुआस्कोन्ती कुटुंबातील सोनारांशी त्याचे भांडण विकोपाला गेले. त्याने शस्त्र उपसले, मृत्युदंडाची शिक्षा झाली आणि तो साधूच्या वेषात रोमला पळाला. १५३४ मध्ये रोममध्ये पोम्पेओ या मिलानच्या जवाहिऱ्याचा त्याने भर रस्त्यात खून केला. नव्या पोपने, तिसऱ्या पॉलने, त्याला अभय दिले. दोन्ही वेळा समोर होते त्याच्याच धंद्यातील लोक. येथे वैराचे प्रेमात रूपांतर झाले नाही, प्रेत पडले.

१०. एका वैराचे मात्र विलक्षण रूपांतर झाले. १५४५ मध्ये फ्रान्सच्या राजाची सेवा सोडून चेल्लिनी फ्लॉरेन्सला परतला आणि ड्यूक कोसिमोच्या आश्रयाला आला. तेथे आधीच प्रतिष्ठित होता बान्दिनेल्ली, त्याच्या पहिल्या गुरूचा मुलगा, आता मोठा शिल्पकार. दोघांचे मुळीच पटेना. एके दिवशी एका प्राचीन संगमरवरी धडावरून ड्यूकसमोरच वाद पेटला. चेल्लिनीने बान्दिनेल्लीच्या ‘हर्क्युलिस आणि काकुस’ या शिल्पाच्या चिंधड्या उडवल्या. उत्तर सुचेना तेव्हा बान्दिनेल्लीने भर दरबारात त्याला सोडोमीवरून ओंगळ शिवी हासडली.

११. ही शिवी साधी नव्हती. ज्या कृत्यासाठी कायद्याने शिक्षा होई, त्याचा तो राज्यकर्त्यासमोर केलेला आरोप होता. आत्मचरित्रात चेल्लिनी सांगतो की त्याने संताप गिळला आणि उपहासाचा आधार घेतला. देवांचा राजा ज्युपिटर गॅनिमीडबरोबर जी कला आचरतो आणि पृथ्वीवर सम्राट ज्यात रमतात, तिच्याएवढी आपली योग्यता कोठली, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. दरबार हसला. संकट टळले. त्याने आरोप नाकारला, पण प्रेमाला हीन ठरवून नाकारला नाही. त्याला देवांच्या पंक्तीत बसवून नाकारला.

१२. पुढची घटना अधिक बोलकी आहे. वादातल्या त्या प्राचीन धडाला डोके, हात, पाय आणि गरुड जोडून चेल्लिनीने त्याचा गॅनिमीडच घडवला. बान्दिनेल्लीकडून एक संगमरवरी शिळाही मिळाली, तीही सदोष, तडे गेलेली. त्या शिळेतून चेल्लिनीने कोरले अपोलो आणि हायासिन्थ : देव आणि त्याचा लाडका, जो देवानेच फेकलेल्या चकतीने मरतो. वैऱ्याची शिवी आणि वैऱ्याचाच दगड. त्यांतून पुरुषांच्या प्रेमाची दोन शिल्पे उभी राहिली. दोन्ही आज फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात आहेत.

१३. येथे थांबलो तर कथा गोड होईल, पण खोटी होईल. फेब्रुवारी १५५७ मध्ये चेल्लिनीला पुन्हा शिक्षा झाली. आपल्याकडील फेर्नान्दो नावाच्या शिकाऊ मुलाशी अनेक वर्षे संबंध ठेवल्याचा हा खटला. ५० सुवर्ण स्कुदी दंड आणि चार वर्षे तुरुंग. ड्यूकच्या कृपेने तुरुंगाऐवजी घरातच स्थानबद्धता. मालक आणि शिकाऊ पोर यांच्यात वय, पैसा आणि अधिकार यांचे मोठे अंतर होते. अशा नात्याला प्रेमकथा म्हणणे हा त्या मुलावर अन्याय ठरेल. त्याची बाजू त्याच्या स्वतःच्या शब्दांत, निर्वेधपणे, कोणी नोंदवलीच नाही.

१४. शिक्षेच्या पुढच्याच वर्षी चेल्लिनीने आत्मचरित्र सांगायला घेतले. त्यात खून आहे, तुरुंग फोडणे आहे, भूतेखेतेही आहेत. १५५७ चा खटला मात्र नाही. म्हणजे जे त्याला मिरवावेसे वाटले ते ग्रंथात आले आणि जे लपवावेसे वाटले ते न्यायालयाच्या दप्तरात उरले. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय माणूस पुरता दिसत नाही.

१५. हा ग्रंथ प्रथम छापला गेला १७२८ मध्ये. १८८८ साली त्याचे इंग्रजी भाषांतर केले जॉन ॲडिंग्टन सायमंड्स यांनी. ते स्वतः पुरुषांवर प्रेम करणारे होते. ग्रीकांच्या अशा प्रेमावरील त्यांची पुस्तिका त्यांनी खासगीरीत्या अवघ्या दहा प्रती छापून ठेवली होती. चेल्लिनीचे सोनारकामावरील ग्रंथ १८९८ साली इंग्रजीत आणले सी. आर. ॲशबी यांनी. तेही पुरुषांकडे ओढ असलेले, लंडनमधील हस्तकारागिरांच्या संघाचे संस्थापक आणि स्वतः दागिन्यांचे रचनाकार. कारागिरांमधील सख्य हा त्यांच्या संघाचा आदर्श होता. या दोघांच्या इंग्लंडात असे प्रेम गुन्हाच होते. तीन शतकांपूर्वीच्या सोनाराकडे ते केवळ कलेसाठी वळले असतील, असे मानणे कठीण आहे.

१६. आजही अनेक तरुण वाचक इतिहासात आपल्यासारखे कोणी शोधतात. तो शोध रास्त आहे. मात्र ज्या दप्तरांत आपण शोधतो, ती प्रेम करणाऱ्यांनी लिहिलेली नाहीत. आरोप करणाऱ्यांनी आणि दंड वसूल करणाऱ्यांनी लिहिलेली आहेत. त्यामुळे प्रत्येक कागदाला दोन प्रश्न विचारावेत : हे कोणी, कशासाठी लिहिले? आणि यात कोणाचा आवाज नाही? पहिला प्रश्न वैऱ्याचा कावा ओळखायला शिकवतो. दुसरा फेर्नान्दोची आठवण ठेवतो.

१७. शेवटी एक दृश्य. फ्लॉरेन्सच्या पोन्ते वेक्क्यो या पुलावर आज दुतर्फा सोनारांची दुकाने आहेत. मधोमध चेल्लिनीचा अर्धपुतळा आहे आणि त्याच्या कठड्याला जगभरातील प्रेमी जोडपी कुलपे अडकवत आली आहेत. नगरपालिका ती काढत राहते, जोडपी पुन्हा लावत राहतात. ज्याच्या प्रेमाची नोंद दंडाच्या वहीत झाली, त्याच्याच पायाशी लोक प्रेमाच्या खुणा ठेवून जातात. आणि ज्याच्यासोबत तो दोन वर्षे दिवसरात्र होता, त्या फ्रान्चेस्कोचे नाव त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल. आता ते आपल्याला ठाऊक आहे.