तळटीप : तुदेह पक्ष

१९४१ साली रझा शाहला गादी सोडावी लागल्यावर तेहरानमध्ये स्थापन झालेला हा इराणी डाव्यांचा पक्ष. वरील मजकुरात त्याची बोळवण ‘मॉस्कोचा हस्तक’ एवढ्यावर केली आहे. ती न्याय्य नाही. जुलै १९४६ मध्ये खुझेस्तानातील हजारो तेल कामगारांनी या पक्षाशी जोडलेल्या संघटनांच्या हाकेवर काम बंद पाडले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर शुक्रवारच्या सुट्टीची मजुरीही होती. आठवड्यातल्या एका दिवसाच्या विसाव्याचे पैसे मागायला तिथल्या आबादानच्या उकाड्यात राबणाऱ्या माणसाला परक्या राजधानीचा इशारा लागत नाही. यावर १९४४ चा दाखला हमखास दिला जातो : उत्तर इराणातील तेलाची सवलत सोव्हिएत संघाला मिळावी म्हणून पक्षाने मोर्चा काढला, तोही लाल सेनेच्या संरक्षणात. हे खरे आहे, आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही. ब्रिटिश तेल कंपनीविरुद्ध बोलणाऱ्या पक्षाने आपली बाजू त्या दिवशी स्वतःच लंगडी केली. पुढे पंतप्रधान मोसादेघांच्या तेल राष्ट्रीयीकरणाकडेही त्याने आरंभी संशयानेच पाहिले. पण त्याआधीच पक्षातले खलील मलेकी आणि त्यांचे सहकारी जानेवारी १९४८ मध्ये बाहेर पडले, ते नेतृत्वाच्या याच परावलंबनाला विटून. म्हणजे हा वाद पक्षाच्या आतही धुमसत होता, आणि हस्तकांच्या टोळीत असे वाद होत नसतात. १९८३ मध्ये अटकेतील नेत्यांनी दूरचित्रवाणीवर दिलेली हेरगिरीची कबुली पुरावा म्हणून पुढे करणे तर सर्वस्वी गैर : ती कोठडीत घेतलेली होती. — संपादक