मुद्दाम पाडलेला तडा

रंगसाहित्याच्या दुकानात आज ‘क्रॅकल’ नावाची बाटली मिळते. रंगावर लावा, वाळू द्या, अर्ध्या तासात शंभर वर्षांची भिंत तयार. हस्तकलेच्या वर्गांत ती इतकी रुळली आहे, की ती विकत घेताना कुणाला नवल वाटत नाही. मला मात्र वाटतं. कारण या बाटलीत जे भरलंय, ते टाळण्यासाठी चित्रकारांच्या कित्येक पिढ्यांनी जिवाचा आटापिटा केला होता. अपघात विकत घ्यायची वेळ कशी आली, त्याची ही गोष्ट.

आधी तडा पडतो कसा, ते बघू. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा आठवा. माती वाळताना आकसते, पण खालचा थर तिला सरकू देत नाही. ताण वाढत जातो आणि माती फाटते. थर जितका जाड, तितकी ढेकळं मोठी आणि भेगा लांब-लांब; थर पातळ असेल तर बारीक जाळी. आणि नवी भेग जुनीला भेटते, ती बहुतेक वेळा काटकोनात. रंगाचंही अगदी हेच. अजिंठ्याच्या कारागिरांना हे नीट माहीत होतं. भित्तिचित्रांखालच्या मातीच्या लेपात त्यांनी भाताचा तूस, वनस्पतींचे तंतू मिसळले, ते लेप धरून राहावा आणि तडकू नये म्हणून. आपल्याकडे घराच्या भिंतीला माती लिंपताना त्यात भुसा घालतात, तेच शहाणपण.

तड्यावर प्रेम करणारे पहिले लोक चित्रकार नव्हते, कुंभार होते. चीनमध्ये सोंग घराण्याच्या काळात, म्हणजे ९६० ते १२७९ या शतकांत, ‘ग्वान’ आणि ‘गे’ नावाची भांडी घडली. भट्टीतून निघालेलं भांडं थंड होताना त्यावरची काचेसारखी झिलई आतल्या मातीपेक्षा जास्त आकसली, तर तिच्यावर जाळं उमटतं. सर्वसाधारण कुंभार असं भांडं बाजूला टाकेल. या लोकांनी झिलईचं मिश्रणच असं बेतलं, की जाळं उमटलंच पाहिजे. वर त्या भेगांत गडद रंग मुरवला. मोठ्या भेगा काळ्या, बारीक भेगा पिवळसर. त्या नक्षीला नाव पडलं ‘सोन्याचे धागे, लोखंडाच्या तारा’. यात फसवणूक कसलीच नव्हती. भांडं जुनं आहे असा दावा कुणी करत नव्हतं.

युरोपातल्या तैलचित्रांत मात्र तडा म्हणजे वय. तेल वर्षानुवर्षं कडक होत जातं आणि खालचा कॅनव्हास किंवा लाकूड हवेतल्या दमटपणाबरोबर फुगतं-आकसतं. ते जाळं इतकं सावकाश येतं, की पारखी लोक त्याला जन्मदाखल्यासारखं वाचू लागले. लाकडावरच्या चित्राचे तडे वेगळे, कापडावरचे वेगळे.

काही वेळा तडे वय होण्याआधीच आले. जोशुआ रेनॉल्ड्स हे लंडनच्या रॉयल अकादमीचे पहिले अध्यक्ष, १७६८ सालचे. जुन्या उस्तादांसारखी खोली आणि झळाळी हवी म्हणून ते रंगात मेण, राळ, डांबर असं काहीबाही मिसळत. त्यांची कित्येक चित्रं त्यांच्या डोळ्यांदेखत तडकली. डांबर कधीच पुरतं वाळत नाही. त्यावर लवकर वाळणारा थर दिला, की वरचा थर आकसतो आणि खालचा मऊ थर सरकू देतो. मगरीच्या पाठीसारखे रुंद, ओंगळ चट्टे उठतात. नियम साधा आहे: हळू वाळणाऱ्यावर लवकर वाळणारं लावू नये. हा नियम लक्षात ठेवा, पुढे तो उलटा होऊन परत येणार आहे.

आता या गोष्टीतला खरा नायक, किंवा खलनायक. हान व्हान मेगेरेन, नेदरलँड्सचा चित्रकार. समीक्षकांनी नाकारलेला, म्हणून डिवचलेला. त्यानं ठरवलं, सतराव्या शतकातल्या व्हर्मीरचं चित्र स्वतः काढायचं. शैली जमवणं ही त्याची मुख्य अडचण नव्हती. अडचण होती तेलाची. नवा तैलरंग कित्येक वर्षं मऊ राहतो, मद्यार्काचा बोळा फिरवला की सुटतो. तज्ज्ञांची पहिली परीक्षा तीच. काही वर्षं खटपट करून त्यानं उत्तर शोधलं: रंगात तेलाऐवजी फिनॉल-फॉर्माल्डिहाइड, म्हणजे बेकेलाइटच्या जातीची राळ. तेच बेकेलाइट, ज्याची आपल्या आजोबांच्या घरातली विजेची काळी बटणं असत. चित्र भट्टीत शंभर अंशांच्या थोड्या वरच्या तापमानाला भाजलं, की रंग दगडासारखा. कॅनव्हास खरोखरच सतराव्या शतकातला घ्यायचा, त्यावरचं चित्र खरवडायचं, पण खालचा थर ठेवायचा, म्हणजे जुने तडे वर उतरतील. मग चित्र नळकांड्यावर गुंडाळून आणखी तडे पाडायचे आणि भेगांत काळी शाई भरायची, शतकांची धूळ दिसावी म्हणून.

१९३७ साली ‘एमाउस इथलं भोजन’ हे त्याचं चित्र अब्राहम ब्रेडियस या नावाजलेल्या पारख्यानं व्हर्मीरचं म्हणून जाहीर केलं. पाच लाखांहून अधिक गिल्डर मोजून ते रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयासाठी घेतलं गेलं. युद्धकाळात त्याचा असाच एक ‘व्हर्मीर’ नाझी नेता गोरिंगकडे पोहोचला, आणि तिथेच घोटाळा झाला. १९४५ च्या मे महिन्यात मेगेरेनला अटक झाली. आरोप होता राष्ट्रीय ठेवा शत्रूला विकल्याचा. आता जीव वाचवायचा तर एकच वाट: हे चित्र मीच काढलंय, असं सांगणं. सांगितलं, तर विश्वास कोण ठेवणार? शेवटी पहाऱ्यात बसून त्यानं साक्षीदारांसमोर आणखी एक ‘व्हर्मीर’ रंगवलं. बेल्जियमचे पॉल कोरमान्स यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांची समिती नेमली गेली. तिला रंगात कृत्रिम राळ सापडली, भेगांत शाई सापडली आणि एका चित्रात कोबाल्ट निळा सापडला. हा रंग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. व्हर्मीर वारला १६७५ साली. नोव्हेंबर १९४७ मध्ये मेगेरेनला एक वर्षाची शिक्षा झाली. ती भोगण्याआधीच ३० डिसेंबरला तो गेला.

माझं स्पष्ट मत सांगतो. मेगेरेनची ती चित्रं आज बघितली तर व्हर्मीरच्या जवळपासही वाटत नाहीत. जड पापण्या, मेणाचे चेहरे. तरी जाणकार फसले, त्यात तड्यांचा वाटा मोठा होता. पुरावा समोर होता, मग चित्राकडे कोण बघतो?

याच सुमारास रंगाच्या दुनियेत ॲक्रिलिक येत होतं. ओटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९०१ च्या प्रबंधात या पदार्थाचा अभ्यास केला होता; १९३३ मध्ये त्यापासून प्लेक्सिग्लास बाजारात आलं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लेनर्ड बोकूर आणि सॅम गोल्डन यांनी ‘मॅग्ना’ हा चित्रकारांसाठीचा ॲक्रिलिक रंग काढला. पाण्यात मिसळणारं ‘लिक्विटेक्स’ १९५० च्या दशकाच्या मध्यावर आलं. पाणी उडालं की प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून रबरासारखा लवचीक पापुद्रा बनतो. तो ताणला जातो, तडकत नाही. कडाक्याच्या थंडीत मात्र तो कडक होतो. शिमला-श्रीनगरकडच्या मंडळींनी जानेवारीत ॲक्रिलिकचा कॅनव्हास गुंडाळू नये, तो मोडू शकतो.

म्हणजे तडा एकदाचा हरला. आणि लगेच लोकांना त्याची आठवण येऊ लागली! मग रसायनज्ञांना न तडकणाऱ्या रंगाला तडकायला शिकवावं लागलं. त्याचे दोन मार्ग. पहिला म्हणजे क्रॅकल पेस्ट: जाडसर लगदा, त्यात भरणद्रव्य भरपूर आणि धरून ठेवणारं ॲक्रिलिक कमी. तो शेतातल्या मातीसारखाच वाळतो. म्हणून तो लाकडी फळीवर किंवा हार्डबोर्डवर लावायचा, लवचीक कॅनव्हासवर नाही. तिथून खपल्या निघतात. पुरता वाळायला एकापेक्षा जास्त दिवस द्यायचे आणि नंतर पातळ माध्यमाचा हात देऊन तो बांधून घ्यायचा.

दुसरा मार्ग म्हणजे रेनॉल्ड्सची चूक जाणूनबुजून करणं. खालचा रंग वाळला की त्यावर क्रॅकल माध्यम, आणि ते चिकट असतानाच वर दुसरा रंग. वरचा थर झटपट आकसतो, खालचा सरकतो, फट उघडते. आपल्याकडे कित्येक जण माध्यमाच्या जागी सरळ फेविकॉल वापरतात, आणि तेही काम करतं. ब्रश मात्र एकाच दिशेनं, एकदाच फिरवायचा; परत फिरवला की सगळं लिबलिबीत. ब्रशनं लावलं तर भेगा त्याच्या दिशेनं लांबट पडतात, स्पंजनं थोपटलं तर जाळी. मुंबईच्या जुलैत आणि जयपूरच्या मे महिन्यात एकाच बाटलीतून वेगवेगळा तडा निघतो, तेव्हा आधी तुकड्यावर करून बघा.

बाटिकचं उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. जावामध्ये उत्तम बाटिकात मेण तडकून रंग आत शिरणं हा दोष मानतात. रवींद्रनाथ १९२७ साली जावाला गेले, पुढे शांतिनिकेतनात ही कला रुजली, आणि आज भारतात बाटिक म्हटलं की गिऱ्हाईक आधी तीच कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी शोधतं. ती नसेल तर विचारतं, हे छापील तर नाही ना?

तुम्ही क्रॅकल वापरून चित्र केलंत, तर मागच्या बाजूला तारीख आणि वापरलेली माध्यमं लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी ते कुणाच्या हातात पडेल, तेव्हा खरे तडेही त्यात मिसळलेले असतील. दुरुस्ती करणाऱ्याला आधी हेच ठरवावं लागेल, की यातले कोणते बुजवायचे आणि कोणते तसेच ठेवायचे.