इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग आणि त्यांचे पर्याय

हौशी इलेक्ट्रॉनिक्समध्ये सर्किटचा आराखडा सहज मिळतो. काम अडते ते सुट्या भागांपाशी. वर्ध्यातील छंदिष्टाला जवळची मोठी बाजारपेठ म्हणजे सुमारे ७५ किलोमीटरवरील नागपूर. मुंबईतील प्रसिद्ध लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, तर फारच दूर. घरपोच मागविल्यास दोन-तीन रुपयांच्या भागापेक्षा पोचवणावळच अधिक पडते. म्हणून पर्यायी भागांचे ज्ञान येथे विशेष उपयोगी ठरते.

'वन एन ४००१' हा डायोड ५० व्होल्टचा, तर 'वन एन ४००७' हा १००० व्होल्टचा. दोन्ही एक अँपिअरचे. त्यामुळे पहिल्याच्या जागी दुसरा चालतो. दुसऱ्याच्या जागी पहिला बसविणे मात्र धोक्याचे. कपॅसिटरची धारकता तीच ठेवून व्होल्टेज अधिक असल्यास सहसा हरकत नसते. एक किलोओहमचा रेझिस्टर नसल्यास ४७० ओहमचे दोन एकसरीत जोडल्यास ९४० ओहम मिळतात. एलईडीसाठी तेवढे पुरेसे होते. ट्रान्झिस्टर बदलताना विद्युतप्रवाहाची मर्यादा आणि पायांचा क्रम अवश्य पडताळावा.

भंगारातील रेडिओ व टीव्ही हाही सुट्या भागांचा उत्तम साठा आहे. तथापि टीव्हीच्या वीजपुरवठा विभागातील मोठ्या कपॅसिटरवर, प्लग काढल्यानंतरही, सुमारे ३२५ व्होल्ट राहू शकतात. योग्य क्षमतेच्या रेझिस्टरमधून तो रिकामा करून, मीटरने शून्य व्होल्टची खात्री केल्यावरच सोल्डरिंग गन हाती घ्यावी.