दगडी फरशीचे अंगण : वर्षभराची निगा

सौंसर, पांढुर्णा, जामसांवली या आपल्या पट्ट्यात नवीन घरांपुढे टाइल्स आणि सिमेंटचे ब्लॉक आले असले, तरी जुन्या घरांत अंगण, ओसरी आणि तुळशीभोवतीचा भाग अजून दगडी फरशीचाच आहे. ही फरशी नीट राखली तर दोन पिढ्या सहज जाते. वापराने ती फारशी खराब होत नाही, चुकीच्या धुण्याने होते, असे आमचे मत आहे. म्हणून ही माहिती सदस्य कुटुंबांसाठी एकत्र देत आहोत.

आधी आपला दगड ओळखावा. आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, फार कठीण. तो जोत्याला आणि पायऱ्यांना लागतो. अंगणातली फरशी मात्र बहुतेक बाहेरून आलेली असते : शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी भागातली, कोटा राजस्थानातली, काळा कडप्पा आंध्रातला. रंग वेगळे असले तरी हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि चुनखडी आंबट पदार्थाने विरघळते. खात्री करायची असेल तर कुंडीखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून पाहा. बारीक फेस आला किंवा थोड्या वेळाने तेवढीच जागा मळकट, निस्तेज दिसली, तर दगड चुनखडीचा समजा. बेसाल्ट आणि ग्रॅनाइटला असे होत नाही.

दिवाळी किंवा घरचे लग्न जवळ आले की कोणी तरी अॅसिड मारून फरशी ‘नवी’ करून देतो म्हणून येतो. त्याला नम्रपणे परत पाठवावे. अॅसिडने मळ निघतो तो दगडाचा वरचा थर विरघळल्यामुळे. त्या दिवशी फरशी उजळ दिसते, पण तिची गुळगुळीत पाठ गेलेली असते. उघड्या पडलेल्या छिद्रांत पुढचा मळ दुप्पट वेगाने बसतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा अॅसिड लागते. हे मुद्दलातून घरखर्च भागवण्यासारखे आहे. एकदा पाठ गेली की मशीनने घासून नवे पॉलिश करण्याखेरीज इलाज नाही. शौचालय साफ करण्याची बहुतेक द्रावणेही अॅसिडचीच असतात, तीही अंगणात नकोत.

आपल्या भागात संत्र्यांचाही विचार करावा लागतो. माल निवडताना फुटलेली आणि सडकी फळे फरशीवर पडून राहतात आणि त्यांच्या रसाने रात्रभरात डाग उमटतो. हा वर बसलेला डाग नसून दगड खाल्ला गेल्याची खूण असते, त्यामुळे ती घासून जात नाही. खाली ताडपत्री अंथरावी. चिंच, लोणच्याच्या कैऱ्या आणि ताकाचेही तसेच.

सगळ्यांत जास्त लक्ष पावसाळ्याकडे हवे. शेवाळावरून पाय घसरून म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले, तर त्या घराचे वर्षच बदलते. श्रावणात पहाटे तुळशीला पाणी घालायला जाणारी आजी कोणत्या वाटेने जाते, ते पाहा आणि निदान तेवढी वाट दर आठवड्याला घासलेली ठेवा. शेवाळ जिथे पाणी थांबते आणि ऊन पोचत नाही तिथेच धरते. म्हणून मृगाच्या आधी, मे महिन्यातच, अंगणात दोन बादल्या पाणी ओतून ते कुठे साचते ते बघावे. दहा फुटांना दीड ते दोन इंच उतार पुरेसा असतो. मोरीचे तोंड मोकळे करावे, उखडलेले सांधे सिमेंट-रेतीने भरून घ्यावेत. सांध्यातून आत गेलेले पाणी खालची भरणी वाहून नेते, मग फरशी खचते आणि हलते.

शेवाळ आलेच तर कडक ब्रश आणि धुण्याचा सोडा बहुधा पुरतो. हट्टी असेल तर ब्लीचिंग पावडर रात्रभर प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवून फक्त वरचे निवळ पाणी वापरावे, खालचा गाळ पांढरे डाग पाडतो. दहा-पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवावे आणि ते पाणी तुळशीच्या मुळाशी जाऊ देऊ नये. ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सणावारी गुलाल किंवा कुंकू सांडले तर आधी कोरडे झाडून घ्यावे. पाणी टाकल्यावर रंग दगडात शिरतो. हळदीचा डाग ऊन लागले की आपोआप फिका पडतो, त्यासाठी धडपड करू नये. समईचे किंवा मारुतीला वाहायचे तेल सांडले, तर ते टिपून घेऊन त्यावर खडूची पूड ओलसर करून जाड थापावी, वर प्लॅस्टिक झाकून रात्रभर ठेवावी. एकदोनदा करावे लागते. रांगोळी पायाने फासू नये, ती दगडाचीच पूड असते आणि पॉलिशवर ओरखडे पाडते.

बोअरच्या जड पाण्याने रोज अंगण धुणाऱ्यांच्या फरशीवर पांढरट थर येतो. रोजच्याला झाडणे आणि ओले पोछे पुरे.

परदेशी असलेल्या मुलाबाळांसाठी एक ओळ : बर्फाच्या प्रदेशात दगडात मुरलेले पाणी गोठून फुगते आणि पापुद्रे काढते, शिवाय बर्फ वितळवायला टाकलेले मीठही दगड खाते. तिथे मिठाऐवजी रेती टाकावी. आपल्याकडे तो प्रश्न नाही.

सीलर लावायचा असेल तर तो दिवाळीनंतर, फरशी तीन-चार दिवस उन्हात पूर्ण कोरडी झाल्यावर लावावा. दगडात मुरणारा घ्यावा. वर चकाकी आणणारा वॉर्निशसारखा थर ओला झाला की घसरतो आणि खालची ओल अडकवतो. काळ्या दगडाला आणि ग्रॅनाइटला त्याची गरज बहुधा पडत नाही.